कांद्याचा भाव आणि माझी आमीन

चाकणला आमची शाळा कांद्याच्या वखारीत भरायची. पन्नासच्या दशकातली गोष्ट. चार मुसलमान व्यापाऱ्यांनी मिळून चालवलेली खाजगी शाळा; सकाळी मौलवीसाहेब कुराण शिकवायचे आणि दुपारी एक निवृत्त मास्तर मराठी आणि गणित. वखार फुकट मिळाली होती, पण कांद्यासकट. बाजारात आवक वाढली की गोण्यांची थप्पी चढायची आणि तिच्याबरोबर आम्हीही. कधी कधी वर्ग इतका उंचावर जायचा की मौलवीसाहेबांची टोपी पत्र्याला टेकायची. ते मराठवाड्यातले, सपाट मुलखातले माणूस. खाली बघायला घाबरायचे. वर चढून बसले की मग दुपारपर्यंत उतरायचे नाहीत, पाणीसुद्धा आम्ही तांब्याला दोरी बांधून वर ओढायचो. माल विकला गेला की शाळा परत जमिनीवर. याचं कुणाला काही वाटत नसे.

मला मात्र त्या शाळेचं वेड होतं, खास करून दुपारचं. मराठीचं पुस्तक हातात आलं की कांद्याचा वासही यायचा नाही.

माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. अब्बांनी नाव घालतानाच बजावलं होतं, "कुराण पुरं हुईस्तवर शाळा. पोरीच्या जातीला तेवढं बास. आमीन झाली की घरात बसायचं." आमीन म्हणजे कुराण वाचून झाल्यावरचा सोहळा. मूल हार घालून सगळ्यांसमोर शेवटची पानं वाचतं, उस्तादांना कपडे करतात, मिठाई वाटतात. इतर पोरी त्या दिवसाची वाट बघायच्या. मला तो दिवस डोळ्यांसमोर नको होता. पण माझी जीभ मेली फार चपळ. चुकायचं ठरवून बसले तरी तोंडातून बरोबरच निघायचं, आणि मौलवीसाहेब थप्पीवर बसल्या बसल्या "वाह बेटी" म्हणायचे. मला त्यांचा इतका राग यायचा!

शेवटची दोन पानं राहिली तेव्हा अब्बांनी निघोज्याच्या पाहुण्यांना निरोप धाडला. सोहळा शाळेतच करायचा, ही त्यांची हौस. अडचण एवढीच, की तेव्हा शाळा पत्र्याला भिडली होती आणि आमच्या फुफूचं, म्हणजे अब्बांच्या बहिणीचं, वजन पाहता ती वर चढणं शक्य नव्हतं. वखारीचे मालक म्हणाले, "भाव पडलाय राव, आत्ता इकला तर मातीमोल. जरा थांबा."

झालं. माझं शिक्षण कांद्याच्या भावाला टांगलं गेलं. अख्खं चाकण भाव चढावा म्हणून हात जोडत होतं आणि मी नमाजात कपाळ टेकवून मागत होते, या अल्ला, भाव पाड. अब्बांनी आयुष्यात कधी कांदा विकला नव्हता, तरी रोज सकाळी उठून बाजारात भाव विचारून यायचे आणि तोंड पाडून परतायचे. मी मनात खूश.

एका आठवड्यात भाव चढला. गाड्या लागल्या, गोण्या भराभर गेल्या, शाळा जमिनीवर आली. मी न्हाणीत बसून रडले. अम्मानं माझे डोळे पुसले.

आमीनच्या दिवशी गळ्यात मोगऱ्याचा हार, समोर पाहुणे, पडद्याआड बायका. मी शेवटची सूरत, म्हणजे कुराणातला शेवटचा अध्याय, वाचली. आवाज कापत होता; लोकांना वाटलं भक्तीनं. अब्बांनी मिठाईच्या ताटावरचं फडकं काढलं. पण मौलवीसाहेबांनी हात वर केला आणि रिवाजाप्रमाणे पहिलं पान उघडून दिलं. कुराण संपलं असं ठेवत नाहीत. त्याच बैठकीत पुन्हा सुरुवातीच्या काही ओळी वाचायच्या. मी वाचल्या.

"झालं, पुरं झालं," अब्बा म्हणाले.

पडद्याआडून अम्माचा आवाज आला. चारचौघांत ती कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं. "पुरं कुटं झालं? आत्ताच तर पुन्यांदा सुरू केलं तिनं. अल्लाचं कलाम अर्ध्यावर सोडून पोर घरी बसवायची व्हय?"

अब्बांनी मौलवीसाहेबांकडे बघितलं. मौलवीसाहेब दाढी कुरवाळत म्हणाले, "बात तो सही है."

"आन् ते संपल्यावर?" अब्बा चिडून म्हणाले.

"संपल्यावर पुन्यांदा सुरू हुतंय," अम्मा म्हणाली. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मीबी माज्या आमीनला सुरू केलं हुतं. दुसऱ्या दिशी मला चुलीपाशी बसिवलं. माजं अजून पयल्या पानावरच हाय."

अब्बांनी पडद्याकडे बघितलं. हातातलं फडकं त्यांनी उगाच दोनदा झटकलं.

"मग उद्यापास्नं दोघी जावा," ते म्हणाले.

लोक हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मा कुराण छातीशी धरून माझ्या पुढे चालत होती.