रिकाम्या ताटात हात धुणारे आजोबा

बारामतीच्या दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता. व्हरांड्यात माझ्यासमोर निमगाव केतकीहून आलेलं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजीला विसरण्याचा आजार होता. नवऱ्याला ती ओळखायची, पण मघाशी काय झालं ते तिला आठवायचं नाही.

आजोबांनी डबा उघडून तिच्यापुढं भाकरी आणि मेथीची भाजी ठेवली. तिनं हातही लावला नाही.

"तुमचं व्हायचंय अजून," ती म्हणाली.

तेव्हा त्यांनी पिशवीतून एक कोरडं ताट काढलं, त्यात बाटलीतल्या पाण्यानं हात धुतला, धोतराला पुसला आणि मोठ्यांदा ढेकर दिला. "माजं झालं बघ. तू बस आता."

आजी लगेच जेवायला लागली. हे कसलं ढोंग, मला कळेना. माझ्याकडं बघून आजोबा हळूच म्हणाले, "जन्मभर माज्यामागनं जेवली. समदं इसरली, तेवढं इसरंना. अन् मी खरंच आदी जेवाय बसलो, तर तवर ही उटून जाती."

"भाकरी कोण करतं?"

"मीच. कडा करपत्यात जरा."

आजीचं झाल्यावर त्यांनी उरलेली भाकरी घेतली. हात धुतलेलं ताट अजून समोरच होतं; आजी बघतच राहिली. "अवं, परत भूक लागली व्हय?"

"तुज्या हातची भाकरी म्हनल्यावर लागायचीच," करपलेली कड चावत आजोबा म्हणाले.

आजी लाजली. पदर सावरत म्हणाली, "उद्या एक जास्त थापते."