खिसा नसलेला ॲप्रन

आईला माझा तो जुना ॲप्रन अजून खुपतो. वरचा खिसा उसवलेला, आणि त्या जागी कापड जरा जास्तच पांढरं राहिलंय. "शुक्रवार पेठेतल्या शिंप्याकडे टाक, चुटकीसरशी लावून देईल," असं ती दर दिवाळीच्या आवराआवरीत म्हणते. मी हो हो करते आणि घडी पुन्हा कपाटात ठेवते.

सोलापुरात डॉक्टरकी शिकत होते, प्रसूती वॉर्डातले माझे पहिलेच दिवस. ॲप्रनला कडक इस्त्री. ज्ञानाचं विचाराल तर आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार! नातेपुत्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली एक बाई दाखल झाली होती. आधीची दोन बाळं जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलेली. ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. तिची सासू मात्र वॉर्डभर हात पसरत हिंडायची. मूल जगत नसेल तर पुढच्या बाळाला पहिलं अंगडं मागून आणलेल्या तुकड्यांचं घालायचं, म्हणजे ते टिकतं, अशी त्यांची रीत. शेजारच्या खाटेवरच्या तेलुगू बाईने टॉवेलची किनार दिली, आयाबाईंनी लुगड्याचा काठ. मग सासू माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"डाक्टरीणबाई, तुमी बी कायतरी द्या की."

अंधश्रद्धेवर चार शब्द सुनवायचे माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण तिच्या मुठीतले तुकडे बघितले. पेन काढलं, सिस्टरांची कात्री मागून घेतली आणि खिसा उसवून दिला. राउंडला आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "खिसा कुठे गेला?" मी म्हटलं, "फाटला, मॅडम." त्यांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. निळसर आणि गप्प. मॅडमांनी तिला पुसलं, पाठ चोळली, तोंडावर मास्क धरून श्वास दिला. शेवटी ती रडली तेव्हा मीही रडले, चक्क सगळ्यांदेखत.

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. आई दूध काढून द्यायची, पण बघायला काही जायची नाही. सासूने फार आग्रह केला की म्हणायची, "बघितलं की जीव लागतोय. जीव लागला की जातंय."

घरी सोडायच्या दिवशी सासूने अंगडं घातलं. छातीवर माझा खिसा, शाईच्या डागासकट. तिने बाळ सुनेच्या मांडीवर ठेवलं. सुनेची नजर माझ्यावरच. तिने चाचपत खिशात एक बोट घातलं.

"डाक्टरीणबाई, ह्यो खिसा परत मागणार न्हाय न्हवं?"

"नाही हो. तिचाच आहे तो. कधीच नाही मागणार."

तेव्हा कुठे तिने मान खाली घातली. नवरा दारातून हाका मारत होता, बाहेर जीप खोळंबली होती. ती आपली लेकीच्या तोंडाकडे बघतच राहिली.