यादोरावची शनिवारची माफी

अड्याळच्या आमच्या मंडळीत यादोरावला अर्धं बायबल पाठ आहे असं लोक कौतुकानं सांगतात. त्यात खोटं काही नाही. माझी तक्रार एवढीच, की त्यातलं प्रत्येक वचन दुसऱ्या कुणासाठी तरी लिहिलंय असं या माणसाला वाटतं. धानाच्या रोवणीला बाई उशिरा आली, की काम न करणाऱ्यानं खाऊ नये हे तिच्यासाठी. बायको आनंदाबाई शब्दाला शब्द लावायला लागली, की नवऱ्याच्या अधीन राहावं हे तिच्यासाठी. शेजाऱ्याची म्हैस त्याच्या धानात शिरली, तेव्हा शेजाऱ्यावर प्रीती करण्याचं वचन मात्र याला आठवलं नाही. म्हशीच्या पाठीवर काठी मोडेपर्यंत आठवलं नाही.

मी भंडाऱ्याची. आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. शाळेतून निवृत्त झाले आणि पास्टर धनंजयनं गळ घातली म्हणून रविवारी एसटीनं अड्याळला जाऊन पेटी वाजवते. प्रार्थनाघर म्हणजे यादोरावच्या शेताच्या कोपऱ्यावरची टिनाची शेड. जागा त्याची, टिनाचे पत्रे त्याचे, सतरंजीही त्याचीच. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये अशी शिकवण आहे. यादोरावनं सतरंजीच्या चारही कोपऱ्यांवर पेंटरकडून आपलं नाव घालून घेतलं. आम्ही सगळे दर रविवारी त्या नावावर बसतो, आणि खरं सांगायचं तर मला तेवढंच समाधान मिळतं.

दारू त्यानं सोडली, हे मी नाकारत नाही. तरुणपणी मोहाची पिऊन तो रस्त्यावर पडायचा, आनंदाबाईला मारायचा. मग मोठं आजारपण आलं, कुणीतरी येऊन प्रार्थना केली, हा उठून बसला आणि विश्वासात आला. त्याच्यामागून धाकटा भाऊ आणि भावाची बायको तुळसाही आली. दारू गेली, मार थांबला, चांगलंच झालं. नशा तेवढी राहिली. ती आता माइक हातात आला की चढते. साक्ष द्यायला उभा राहिला, की पेटीवर ठेवलेली माझी बोटं आखडतात, तरी याचं आजारपण संपत नाही.

धाकटा भाऊ पुढं वारला. त्याच्या वाट्याची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, तुळसा एकटीनं करायला लागली. ती बांधी यादोरावच्या बांधीच्या खाली. बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं पाणी आधी वरच्या बांधीत येतं, वरच्यानं आपलं भागलं की धुरा, म्हणजे मधला बांध, फोडून खालच्याला द्यायचं, ही इकडची रीत. त्यासाठी कुणाला बायबल वाचावं लागत नाही. यादोरावनं बायबल वाचलं आणि धुरा बुजवला. आपलं भागलं तरी पाणी अडवून ठेवायचा. कारण सगळ्या गावाला माहीत होतं. तुळसाचं धान एकदा पोचट गेलं, की ती थकून बांधी त्याच्या हाती देईल आणि चिखल्याला, खाणीच्या कॉलनीत राहणाऱ्या आपल्या भावाच्या दारात जाऊन बसेल. तुळसाजवळ त्या बांधीशिवाय दुसरं काही नव्हतं. बांधी गेली असती तर तिला अड्याळमध्ये राहायला कारणच उरलं नसतं.

आमच्या मंडळीत एक चाल आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्याच्या आदल्या शनिवारी, ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्या घरी जाऊन माफी मागायची, मगच भाकर आणि प्याला घ्यायचा. दान वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट कर, या शिकवणीवरून पास्टरनं ही चाल पाडली. चाल चांगली आहे. तिच्यामुळं वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या दोघी सख्ख्या बहिणी एका ताटात जेवल्या, हे मी पाहिलं आहे.

यादोरावनं या चालीचं काय केलं? मोबाइलचा रिचार्ज संपला की मारावा, तशी तो माफी मारायला लागला. शनिवारी तुळसाच्या दारात हजर, हात जोडलेले, डोळे मिटलेले. रविवारी भाकर घ्यायची. सोमवारी धुऱ्यावर पुन्हा गाळ थापायचा. महिनाभर मग पाप करायला मोकळा. याला ढोंग म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही, कारण ढोंग्याला निदान आपण ढोंग करतो हे ठाऊक असतं. हा मनापासून समजत होता, की आपण शिकवण पाळतो.

यंदा दसऱ्याच्या आधी पावसानं दडी मारली. यादोरावचं धान हलकं, लवकर येणारं, ते पिकत आलेलं. तुळसाचं भारी, उशिरा येणारं, ते नेमकं लोंबीवर. आता पाणी मिळालं नाही, की दाणा भरणार नाही. ती गावातल्या चार शहाण्यांकडं गेली. ते म्हणाले, तुमचं चर्चचं आहे, तुम्हीच पाहा. ती पास्टरकडं गेली. पास्टर म्हणाला, आपण प्रार्थना करू. धनंजय मनानं वाईट मुलगा नाही, पण डोक्यावरचे पत्रे यादोरावचे आहेत हे तो कधी विसरत नाही.

प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी मी तुळसाकडं मुक्कामाला होते. संध्याकाळी यादोराव आला. मागं आनंदाबाई, तिच्या हातात केळ्यांची फणी. ती त्याच्यामागं उभी राहते तेव्हा कुणाचं तिच्याकडं लक्ष जात नाही. माझंही गेलं नव्हतं.

"तुळसाबहीण," यादोरावनं डोळे मिटले, "काही चुकलंमाकलं असन तं माफ कर."

मंडळीत सगळे भाऊ-बहीण, म्हणून भासरा, म्हणजे थोरला दीर, असूनही तुळसा त्याला भाऊच म्हणते. ती म्हणाली, "माफ केलं, भाऊ. पण कायची माफी, थे तं सांगा."

"आता एकेक मोजत बसाचं का? प्रभू मोजत नाही."

"प्रभू नाई मोजत. मी मोजून राहिली. लोंब्या वाळून राहिल्या माह्या. पाणी कधी सोडता?"

यादोरावनं डोळे उघडले आणि वर आकाशाकडं बोट केलं. "पाणी देणारा तो बाप आहे. त्याच्याजवळ माग. माणसाजवळ कायले मागतं?"

असं बोलून तो गेला. बाप वरून देतो आणि मधे हा धुरा बुजवून बसतो, हे याच्या तोंडावर सांगायची मला फार इच्छा झाली. पण तो पायात चपला घालून निघालाही होता. ती केळी मी तुळसाच्या शेळीला घातली. तिनं सालीसकट खाल्ली.

रविवारी पास्टरनं समेटाचाच उतारा वाचला. भाकरीच्या तुकड्यांचं ताट फिरलं, प्रत्येकानं तुकडा हातात धरला. सगळ्यांनी मिळून खायचं असतं, म्हणून थांबायचं. पास्टरनं नेहमीप्रमाणं विचारलं, कुणाच्या मनात कुणाबद्दल काही आहे का? यादोराव लगेच उभा राहिला. काल आपण बहिणीच्या दारी नम्र होऊन गेलो, तिनं क्षमा केली, प्रभूचं नाव धन्य असो, असं माइकशिवायही शेवटच्या माणसापर्यंत पोचेल अशा आवाजात त्यानं सांगितलं. चार-सहा जणांनी हालेलुया म्हटलं.

तुळसा उठली. "माफ केलं, हे खरं हाये जी. पण धुरा अजून बुजलेलाच हाये. शास्त्रात लिवलं हाये, दान तसंच ठेव अन आधी जा. मंग चला ना. शेत दारातच तं हाये."

आता सगळ्यांची तोंडं पास्टरकडं. उठून दाराबाहेर पडलं की यादोरावची बांधी. पास्टरनं घसा साफ केला आणि म्हणाला, "बहीण, उपासना झाल्यावर आपण यावर प्रार्थनापूर्वक विचार करू." मला त्याची कीव आली आणि रागही आला. समेटावर त्यानं अर्धा तास बोललेलं मी ऐकलं होतं, आणि समेट करायची जागा तीस पावलांवर होती.

"विचार कायचा?" तुळसा म्हणाली. तिनं भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला आणि बाहेर गेली.

बायकांच्या बाजूला हालचाल झाली. आनंदाबाई उठली होती. तिनंही आपला तुकडा ताटात ठेवला. यादोरावनं मान वळवून तिच्याकडं असं पाहिलं, की पूर्वीचे दिवस मला दिसले. ती बसली नाही. दारामागं ठेवलेली कुदळ घेतली आणि तुळसाच्या मागं चालायला लागली. मी पेटी बंद केली आणि दारात जाऊन उभी राहिले. भाकर हातात धरून कुणी दारात उभं राहू नये, पण मी राहिले.

आनंदाबाईनं रविवारची पांढरी साडी गुडघ्यापर्यंत खोचली होती. थापलेला गाळ सुकून टणक झालेला. ती कुदळ मारत होती, तुळसा हातानं ढेकळं ओढत होती. पाणी आधी गढूळ, मग भरभरून खालच्या बांधीत गेलं. आनंदाबाई त्या पाण्यात पाय देऊन उभी राहिली.

मी मागं वळून पाहिलं. पास्टर ताट धरून गोंधळलेला. लोक थांबलेले. यादोरावनं डोळे मिटले होते. त्यानं हातातला तुकडा तोंडात घातला आणि सावकाश चावून खाल्ला.

त्यानंतर धुरा बुजला नाही. सारं गाव पाहायला लागलं होतं, आणि यादोराव लोकांच्या नजरेला प्रभूपेक्षा जास्त भितो. तुळसाचं भारी धान भरलं, कापलं गेलं. हंगामाच्या उपकारस्तुतीला प्रत्येक घरानं आपल्या धानाची पेंढी आणून पुढं ठेवली. तुळसाची पेंढी सगळ्यांत भरदार होती. माझ्या मनात आलं, आता तरी हा गप्प बसेल. एवढ्या वर्षांनंतरही मी अशा आशा धरते.

यादोरावनं माइक घेतला. तुळसाच्या पेंढीवर हात ठेवला. "यंदा दुष्काळाचं सावट होतं," तो म्हणाला. "पण प्रभूनं माझ्या हृदयाला स्पर्श केला. विधवेचा सांभाळ करा, असं शास्त्र सांगते. प्रभूनं माझे हात वापरले, आणि माझ्या हातानं या बहिणीच्या बांधीत पाणी गेलं."

हालेलुया म्हणायला दोघंतिघं तोंड उघडतच होते, तेवढ्यात आनंदाबाई उभी राहिली. इतक्या वर्षांत मंडळीत तिचा आवाज मी गाण्याशिवाय ऐकला नव्हता.

"बस खाली," यादोराव माइकमधूनच म्हणाला. "मंडळीत बाईनं गप्प राहावं, असं शास्त्रात..."

"हात माहे होते," आनंदाबाई म्हणाली. "कुदळ म्या मारली. तुमी आत भाकर खात होते."

ती बसली नाही. त्याच्या उत्तराची वाट पाहत उभीच राहिली, आणि आम्ही सगळेही पाहत राहिलो. यादोरावनं तोंड उघडलं, माइक तोंडाजवळ नेला. अर्धं बायबल पाठ असलेल्या त्या माणसाला त्या दिवशी एकही वचन आठवलं नाही.