वाटणीतला बाळ येशू

घराची वाटणी झाली तेव्हा आमच्या नाताळच्या गोठ्याचीही झाली. सासऱ्यांनी हौसेनं आणलेल्या मातीच्या मूर्ती. मरिया आणि योसेफ आमच्याकडे आले, बाळ येशू आणि मेंढपाळ मोठ्या दिरांकडे गेले. आईबाप इकडे, मूल तिकडे! आमच्या पापडी गावात अशी वाटणी दुसऱ्या कुणी केली असेल असं वाटत नाही. पण विहिरीवरच्या मोटारीवरून पेटलेल्या दोन भावांना अक्कल शिकवायची कुणी? आम्ही बाजारातून प्लास्टिकचा बाळ आणला. तो मरियेच्या मानानं एवढा थोराड, की चालायला लागला असावा. जाऊबाईंनी नवे आईबाप आणले. अंगण एकच, गोठे दोन, आणि बोलणं बंद.

यंदा नाताळच्या सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाऊबाई नेमक्या माझ्या मागच्या बाकावर. फादर म्हणाले, एकमेकांना शांतीचं चिन्ह द्या. मी वळून रिवाजाप्रमाणे हात जोडले. त्यांनी माझे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि पुढची प्रार्थना सुरू झाली तरी सोडले नाहीत. माझे डोळे भरून आले. मग मला माझाच राग आला.

तिथून पंचाईत सुरू झाली. हे चर्चमधलं चर्चपुरतं, की घरी आल्यावरही? दुसऱ्या दिवशी विहिरीवर दोघी समोरासमोर आलो. मी बादलीत पाहिलं, त्यांनी दोरीवरच्या कपड्यांकडे. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "सणाचं काय मनावर घेतेस? नाताळात सगळेच गोड असतात." मला ते पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना.

जानेवारीत तीन राजांचा सण झाला, म्हणजे नाताळ संपला. दुसऱ्या दिवशी मी गोठा आवरत होते, पेंढा गोणीत कोंबत होते, तेवढ्यात दारात जाऊबाई. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. "हा ठेव तुझ्याकडे," म्हणून त्यांनी ते माझ्या हातात दिलं, क्षणभर थांबल्या आणि निघून गेल्या. उघडलं तर जुना बाळ येशू. नाकाचा टवका उडालेला, अजून तसाच.

मी पेंढ्यातच बसून राहिले. हे देणं होतं की तोडणं? सोयरीक मोडल्यावर वस्तू परत करतात, तसं तर नाही? बाळाला मरियेपुढे ठेवून पाहिलं. मापात बसला. पण माझ्या डोक्यातला गोंधळ काही सुटला नाही.

शेवटी तिन्ही मूर्ती टोपलीत घालून मी अंगण ओलांडलं. जाऊबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. टोपली पुढ्यात ठेवून मी जवळजवळ भांडणाच्याच सुरात विचारलं, "ताई, हा दिलात की परत केलात? काय ते स्पष्ट सांगा."

त्यांचा हात सुपातच थांबला.

"मलाच नाय कळत गं," त्या म्हणाल्या. "तुझे हात धरले तेव्हापासून जिवाला चैन नाय. बोलायला जावं तर तू बादलीत बघतेस. म्हटलं, बाळाला घेऊन जावं, निदान तो हातात असताना तरी आत बोलावशील. दारात उभी राहिले, तर तू 'ये' पण म्हणाली नायस."

खरंच, मी म्हणाले नव्हते.

"चला," मी म्हणाले.

"कुठं?"

"आत. आमच्याकडे. चहा टाकते."

त्यांनी सूप बाजूला सारलं आणि बाळ उचलला. आईबापांची टोपली मी घेतली. पुढच्या नाताळात गोठा कुणाच्या दारात मांडायचा, हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.