सत्याहत्तर नंबर उमरीला आहे

लातूरच्या बाजारात मापाडीमामांच्या तळहाताला वजनकाटा घाबरायचा. जन्मभर तुरीची अन् सोयाबीनची पोती तोललेला तो हात! एकदा नुसती पाठीवर थाप मारून त्यांनी एका म्हशीचं वजन सांगितलं, तर ती म्हैस लाजून दोन दिवस वैरणीला शिवली नाही. मी तिथल्याच एका आडतीवर मुनीम होतो आणि माझं बोलणं हे असंच. दहा पोत्यांची रास माझ्या तोंडून शंभराची होऊनच बाहेर पडायची. सगळा बाजार हसायचा. मामा तेवढे मान डोलवायचे. "मुनीमजी बोलले म्हंजे असणार," म्हणायचे. एवढा विश्वास माझ्या आईनंही माझ्यावर कधी ठेवला नाही.

पन्नाशीला टेकल्यावर डॉक्टरांनी त्यांची तंबाखू बंद केली. रिकाम्या तोंडानं राहवेना, म्हणून त्यांनी च्युइंगगम धरलं. त्याच्या वेष्टनात क्रिकेटवाल्यांची कार्डं निघायची, एकशे वीस कार्डांचा संच. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात बॅटला हात लावला नव्हता, तो त्या कार्डांच्या नादी लागला, आणि पुढं वीस वर्षं सुटला नाही. त्यांनी इतकं गम चघळलं, की बोलता बोलता शब्दांऐवजी फुगा बाहेर येईल अशी मला धास्ती असायची. नंतर ती कार्डं निघायची बंद झाली, तर मामा रद्दीवाल्यांच्या मागं लागले.

नवं कार्ड मिळालं की आधी ते तळहातावर घ्यायचे, डोळे मिटायचे, हात जरासा वरखाली करायचे. मग म्हणायचे, "हाव. बराबर हाय." पोतं पेलणारी ती बोटं कार्ड धरताना पापणीचा केस उचलावा तशी व्हायची. लग्नाच्या अल्बममधून स्वतःचे फोटो काढून तिथं त्यांनी कार्डं बसवली होती, आणि वर्षाच्या डाळीत घालतात तसा मधेमधे कडुनिंबाचा वाळला पाला. मामी करवादायच्या, "आमचं लगीन टरंकेत, अन् हे दांडकेवाले अल्बमात! मुनीमभाऊ, ह्यातला कोन माझा दीर लागतो, इचारा बरं."

"समदेच लागतेत," मामा म्हणायचे.

एकशे एकोणीस जमली. सत्याहत्तर नंबर काही केल्या मिळेना. न्यूझीलंडचा कुणी डावखुरा होता. दोन सामने खेळून मेंढरं राखायला परत गेला असावा. मामांचा जीव त्या रिकाम्या कप्प्यात अडकला. एका रविवारी चहा पिता पिता त्यांचं उतरलेलं तोंड मला बघवेना आणि माझी जीभ सुटली. "सत्याहत्तर? अहो मामा, आमच्या उमरीच्या घरी पेटीत लोळत पडलंय की!"

मामांनी आणून दाखवा म्हटलं नाही. आमच्या बाजारात माल दुसऱ्या गावच्या गोदामात असला, तरी त्याची चिठ्ठी हातात असली की माल आपलाच धरतात. मामांनी चिठ्ठी लिहिली, 'उमरीला आहे. मुनीमजींकडं', आणि त्या कप्प्यात सरकवली. त्या दिवसापासून ते सांगायचे, "संच पुरा हाय. एक उमरीला हाय, बस."

गावाहून आलो की मी नवं कारण घेऊन यायचो. पेटीची किल्ली विहिरीत पडली. पेटीखाली नागीण व्याली. मामा म्हणायचे, "असू द्या. चिठ्ठी हाय नं."

चार वर्षांपूर्वी नांदेडला जुनी नाणी, तिकिटं, कार्डं विकणाऱ्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा आम्ही दोघं गेलो. एका टेबलावर काचेखाली तो डावखुरा पडलेला! मामांनी ते कार्ड मागून घेतलं, तळहातावर तोललं, "हाव, बराबर हाय," म्हणाले आणि परत ठेवलं.

"घ्या की, मामा!"

"कशाला? आपलं हाय की उमरीला. दुसऱ्या कुनाची जागा भरू द्या."

खरं बोलायला एवढी मोकळी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. जन्मभर चुरूचुरू चाललेली माझी जीभ तिथंच टाळूला चिकटली. मामांना चहाच्या टपरीवर बसवून मी पळत परत आलो, तोवर कार्ड विकलं गेलं होतं.

गेल्या वर्षी मामांनी अंथरूण धरलं. हात थरथरायला लागला. मला म्हणाले, "मुनीमजी, आता आना ते. एकडाव हातावर घेऊ द्या."

मी हैदराबादपर्यंत माणसं कामाला लावली. मिळालं नाही. शेवटी मोबाइलवरून त्या डावखुऱ्याचं चित्र छापून घेतलं, पुतणीच्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चिकटवलं, जुनं दिसावं म्हणून चहात बुडवून वाळवलं आणि नेऊन मामांच्या तळहातावर ठेवलं.

मामांनी डोळे मिटले. हात वरखाली केला. थरथर होती, तरी मला कळलं की हात तोलतोय. 'हाव' काही आलं नाही. डोळे उघडून म्हणाले, "लई तकलीफ घेतली तुमी." आणि कार्ड उशाखाली सारलं.

आठच दिवसांत ते गेले.

तेराव्यानंतर मामींनी अल्बम माझ्या हातात दिला. "तुमालाच द्या म्हनले होते." मी सत्याहत्तरचा कप्पा उघडला. तिथं जुनीच चिठ्ठी होती. मी मामींकडं बघितलं. त्या पदर सावरत म्हणाल्या, "तुमी आनलेलं ते त्यांनी मला चुलीत घालाया लावलं. म्हनले, कुनी हातात घेतलं तर मुनीमजी खोटे पडतेल."

आडत सोडून मी आता उमरीलाच राहतो. या उन्हाळ्यात अल्बममधला कडुनिंबाचा पाला बदलला. मामांची एकशे एकोणीस कार्डं आता खरोखर उमरीला आहेत. सत्याहत्तर तेवढं नाही. तिथली चिठ्ठी काढायला माझा हात होत नाही.