चाचांचे कॅटलॉग आणि माझा सिद्धांत

माझ्या पीएचडीचं काय झालं, असं विचारणार असाल तर आधी चहा सांगा. उभ्याउभ्या सांगण्यासारखं प्रकरण नाही, आणि चूक सगळी माझीच आहे.

विषय होता जुन्या लिलावांच्या कॅटलॉगमधून दिसणारा चित्रांचा बाजार. आमच्या हिंगोली जिल्ह्यात बाजार म्हटलं की सोयाबीन. चित्राचा लिलाव इथं कुणाच्या आज्यानंही पाहिला नव्हता. पण सेनगावच्या रहीमचाचांच्या फोटोफ्रेमच्या दुकानात मला असे बावीस कॅटलॉग सापडले. हैदराबादहून काच आणताना ती फुटू नये म्हणून मधे घालायला त्यांनी रद्दीतून उचललेले.

छापील किंमत कुठंच नव्हती. पण प्रत्येक चित्राशेजारी पेन्सिलीनं आकडा होता. आठ, दहा, बारा. आता लिलावाच्या पुस्तकात चित्राशेजारी आकडा म्हणजे काय असणार, तुम्हीच सांगा? बोली! मी हजारात धरली.

दोन वर्षं ते आकडे मांडत बसलो. चाचांच्याच दुकानात, त्यांचाच चहा पीत.

"सर, एवढं काय लिहून राहिले?" ते विचारायचे.

"तुमच्या कामाचं नाही चाचा," मी म्हणायचो. बघा माज.

आणि सिद्धांत निघाला. पानभर छापलेल्या चित्राला बारा, अर्ध्या पानाच्या चित्राला आठ. एकदाही चुकत नव्हतं. म्हणजे चित्र जितकं मोठं छापाल तितकी बोली चढते. असा चोख हिशेब कुणालाच कसा दिसला नाही, याचं मला नवल वाटायचं.

मग समितीपुढं मांडणी आली. ती पटली नाही तर नोंदणी रद्द. भाव मारायला मी चाचांनाही बोलावलं, शाल घातली, पुढच्या खुर्चीत बसवलं. पडद्यावर पहिलं पान लावलं.

"हा बारा आकडा," मी म्हणालो, "शेवटच्या बोलीचा."

"न्हाई सर," चाचा शाल सावरत म्हणाले. "ते काचेचं माप हाय. बारा इंची. पानं कापून, फ्रेम करून विकावं म्हणलं होतं. मीच लिवलं ते."

समितीत बाहेरून आलेल्या मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे मोठ्या चित्राला मोठी काच लागते, हा तुमचा निष्कर्ष?"

मी पाणी प्यायलो. खोटं कशाला सांगू, रडू येत होतं.

चाचांना दया आली. "खऱ्या किमतीचे कागद होते की. छापील, सुटे, पुस्तकात घातलेले."

"कुठं आहेत?" मॅडमनी आणि मी एकदमच विचारलं.

"फ्रेमीच्या मागं लावून टाकले. जाड कागद, बराबर बसायचा. बाकी गिऱ्हाइकं काय ध्यानात न्हाईत. पण सरांच्या एम.ए.च्या डिग्रीमागं दोन हायत."

मॅडमनी पंधरा दिवस दिले. घरी आलो, स्टुलावर चढलो, डिग्री उतरवली आणि मागचे खिळे उचकटायला बसलो.

"काहून फोडून राहिले ती?" बायको म्हणाली.

"तिच्यामागं काही आहे का बघतो."

"ते आमच्या बाबानं बघायला पायजे होतं," ती म्हणाली, "लग्नाच्या आधी."