कंदिलाची खळ

चुलीवर कंदिलाची खळ शिजाया लागली की अजून मी ढवळायची थांबते. त्या वासानं मी दहा वरसं मागं जाते, दुष्काळात.

थोरला तवा दहा महिन्यांचा. दिवाळी आलेली. म्या आकाशकंदिलासाठी तुरीच्या काड्या बांधल्या, लाल पतंगी कागद आणला अन् रेशनच्या मिलोचं, त्या परदेशी जवारीचं, मूठभर पीठ शिजवून कागद डकवायला खळ केली.

“खायाला पीठ न्हाय अन् ही कागदाला जेवू घालती,” सासू म्हणली.

“आत्या, पोराची पहिली दिवाळी हाय,” म्हणत मागं बघते, तर पोराचं तोंड लालभडक! हनुवटीवरनं लाल वघळ. मला वाटलं रगतच, काडी टोचली घशात. त्याला उचलून अनवाणीच सडकंकडं पळाले. दवाखाना लांब भूम गावाला, एसटी कवाच गेलेली, मी नुसती वरडत हुते.

सासूनं मागनं येऊन धरलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं. “रगत न्हाय गं येडे, कागदाचा रंग हाय. खळ लावलेला कागद चाटलाय त्यानं.”

मला हसूच फुटलं. घरी येऊन उरलेली खळ त्याच्यापुढं ठिवली, तर बोटानं पार पुसून खाल्ली, अन् वाटी रिकामी झाल्यावर रडाया लागला. आमी दोघी हसतच हुतो, कसा खेळतोय म्हणून.

आता धाकटी मांडीवर पितीया अन् माझा जीव थाऱ्यावर न्हाय. तवा माझं दूध आटलं हुतं. मला ठावं हुतं. तरी बी मी हसले कशी?